एंटरप्राइझची धून आणि व्हीजरचा ढग

प्रिय दोस्ता,

'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर'मध्ये संगीत चित्रपटाच्या डोक्यावर बसलंय, हे तुझं म्हणणं मला अर्धं पटलं. बसलंय खरं. पण काही ठिकाणी ते खाली उतरलं असतं तर पडद्यावर काय उरलं असतं, तेही सांग की!

तू सगळ्यात जास्त नावं ज्याला ठेवलीस, तिथूनच सुरू करतो. जहाजाचा जुना कप्तान कर्क आणि अभियंता स्कॉटी छोट्या यानातून गोदीतल्या एंटरप्राइझ या अवकाशजहाजाभोवती फिरतात, तो प्रसंग. पाच-सहा मिनिटं, संवाद जवळपास नाहीतच. तुला ते लांबण वाटलं. अरे, पुन्हा बघ, आणि या वेळी कान फक्त मुख्य धुनेकडे ठेव. संगीतकार जेरी गोल्डस्मिथ ती सुरुवातीला पुरती देतच नाही. जहाज गोदीच्या सांगाड्याआडून तुकड्यातुकड्यांनी दिसतं, तशी धूनही दोन-चार सूर टाकते आणि मागे सरते. कर्कचा चेहरा, जहाज, पुन्हा चेहरा. वाद्यमेळ हळूहळू भरत जातो आणि यान वळून जहाजाच्या थेट समोर येतं तेव्हा कुठे अख्खी धून एकदाची सुटते, आलापीनंतर मुखडा यावा तशी. नामावलीत हीच धून ब्रासवर संचलनाच्या ठेक्यात वाजून गेलेली असते. इथे ती प्रेमगीत होते. कर्कचा जीव कशात अडकलाय, हे पटकथेने आधी कितीही सांगितलं असलं तरी कळतं ते इथे.

गंमत म्हणजे या प्रसंगासाठी गोल्डस्मिथने आधी रचलेल्या संगीतात ही धून नव्हतीच. दिग्दर्शक रॉबर्ट वाइझने ते परत पाठवलं, यात धून कुठाय म्हणून. 'द साउंड ऑफ म्युझिक' केलेला माणूस तो, धुनेवाचून कसा ऐकणार! ती नाकारलेली रचना 2012 साली निघालेल्या तीन सीडींच्या संचात आहे. भव्य आहे, देखणी आहे, आणि संपल्यावर एक सूर गुणगुणता येत नाही.

आता तुझी बाजू. पृथ्वीकडे निघालेल्या व्हीजर या अजस्र यंत्राभोवतीच्या ढगात एंटरप्राइझ शिरते आणि नुसती पुढे पुढे जात राहते. इथे मी हात टेकतो. ब्लास्टर बीमचा तो खर्जातला, धातू पिळवटल्यासारखा आवाज पहिल्यांदा ऐकला की काटा येतो. ते वाद्यही अजब आहे: सुमारे 15 फूट लांब अॅल्युमिनियमची तुळई, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि आवाज उचलायला खाली चुंबकीय पिकअप. वाजवणारा क्रेग हक्सली म्हणजे मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेत लहानपणी कर्कचा पुतण्या झालेला मुलगा, हे तुला माहीत नसणार. पण तोच आवाज चौथ्या-पाचव्यांदा आला की भीती जाऊन नुसती सूचना उरते: व्हीजर आला. जोडीला ऑर्गन, लांबवलेले स्वरसमूह, पुन्हा ऑर्गन. तणाव वाढत नाही, साचून राहतो.

सगळा दोष गोल्डस्मिथच्या माथी मारू नकोस मात्र. स्पेशल इफेक्ट्सचं काम 7 डिसेंबर 1979च्या प्रदर्शनाच्या तोंडाशी येईपर्यंत चाललं होतं. हाती आलेली दृश्यं नीट छाटायला वेळच राहिला नाही, आणि लांबलेल्या दृश्याखाली संगीतही लांबतं. तरी माझी एक तक्रार राहतेच. मधे कुठेतरी त्याने वाद्यमेळ थांबवून शांतता ठेवायला हवी होती. अवकाशातल्या चित्रपटाला शांततेचं एवढं वावडं कशाला?

जहाजावरच्या इलियाच्या धुनेबद्दल आपलं जमणार नाही बहुतेक. पडदा काळा असताना सुरुवातीलाच ती वाजते, गोड, भरघोस, आणि अजून कुणाचं कुणावर प्रेम आहे याचा पत्ताच नसतो. पुढेही इलियाचा जुना प्रियकर डेकर आणि तिच्या वाट्याला प्रसंग इतके थोडे आले आहेत की धून उसनी वाटते. शेवटी डेकर व्हीजरमध्ये विलीन होतो तेव्हा मात्र ती पूर्ण ताकदीने परतते आणि पटते. दोन तास उशिरा का होईना.

ऑस्करचं नामांकन मिळालं, पारितोषिक हुकलं. पण 1987च्या 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' मालिकेने शीर्षकाला नामावलीतलीच धून उचलली, आणि पुष्कळांना ती मूळ त्या मालिकेचीच वाटते. चित्रपट विस्मरणात गेला असता तरी धून टिकली असती, असं मी म्हणतो. तू म्हणशील, हाच तर तुझा मुद्दा होता.

असेल. पण जहाजावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक एकटा व्हीजरच्या आत जातो, त्या प्रसंगाच्या संगीताबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. सगळा वाद्यमेळ तिथे अस्वस्थ आहे, आधार द्यायला धून नाही, आणि तरीही माझ्या मते एंटरप्राइझच्या फेरीखालोखाल चित्रपटातलं सगळ्यात भक्कम काम तेच. तेवढं नीट ऐक आणि सविस्तर लिही. तिथेही नाक मुरडलंस तर प्रत्यक्ष भेटून भांडू.

तुझाच