सुजलेलं नाही, ताणलेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पाट्यांवरचा लेख काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसलो. लेखकांनी ‘कूपर ब्लॅक’ या जाड, गोल इंग्रजी टाइपाला ‘सुजलेलं अक्षर’ म्हटलं आणि पुरावा म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानाचा फोटो दिला. त्याच जागी तेच इंग्रजी नाव १९८७ साली मी रंगवलं होतं. पत्र्यावर, एनॅमलने.

तेव्हा नमुना म्हणजे प्रेसवाल्याकडचा लेट्रासेटचा, म्हणजे घासून उमटवायच्या तयार अक्षरांचा, कॅटलॉग. त्यावर चौकटी आखायच्या आणि अक्षर मोठं करायचं. पहिला ‘ओ’ मी सरळ उभा काढला, तर तो डोळे वटारून बघतोय असं वाटायला लागलं. पुन्हा नमुना बघितला तेव्हा कळलं, त्याच्या पोटातली पोकळी जरा मागे रेललेली आहे. अक्षराच्या पायाची टोकं, ज्यांना सेरिफ म्हणतात, तीसुद्धा गोल. पट्टी लावून मारावी अशी रेघ जवळपास नाहीच. पूर्व भागातल्या तेलुगू पाट्या रंगवून माझा हात गोलाईला सरावलेला होता, म्हणून ते जमलं. पलीकडच्या फुटपाथवरून नाव वाचता यायचं.

पुढे मालकांच्या मुलाने पत्रा उतरवून फ्लेक्स लावला. बोर्ड लांबलचक, नाव छोटं. मग फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर अक्षरं कडेला धरून आडवी ओढली. असं ओढलं की उभे दांडे जाड होतात, आडव्या रेघा होत्या तेवढ्याच राहतात आणि ‘ओ’ आडवा पडलेल्या अंड्यासारखा दिसतो. तुमच्या फोटोत नेमकं हेच आहे. ते पाहून कूपरला नावं ठेवणं हा अन्याय आहे, आणि मला तो लागला.

‘सत्तरच्या दशकातलं फॅड’ हे लेखातलं म्हणणंही चूक. ऑस्वाल्ड कूपर यांचं हे अक्षर शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने १९२२ साली छपाईच्या खिळ्यांमध्ये आणलं. कूपर स्वतः जाहिरातींची अक्षरं हाताने काढायचे. तो हात त्यात दिसतो. ईझीजेट या ब्रिटिश कंपनीच्या विमानांवर आजही तेच अक्षर आहे. बारीक मजकुराला ते चालत नाही हे कबूल, पोकळ्या बुजतात. मी पत्ता आणि फोन नंबर नेहमी साध्या ब्लॉक अक्षरातच टाकायचो. पण चार-पाच अक्षरांचं नाव लांबून वाचवायचं असेल तर याच्याइतकं मायाळू अक्षर मला दुसरं मिळालं नाही.

आणि त्याच फोटोत मराठी नाव खालच्या कोपऱ्यात, वीतभरसुद्धा नाही! पाटीवरचं मराठी दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, हा नियम २०२२ पासून छोट्या दुकानांनाही लागू आहे. त्यावर लेखात एक ओळ नाही. जाड, गोल देवनागरी हवी तर ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट फुकट मिळतो. तो तरी वापरायचा.

माझा जुना पत्रा त्या दुकानाच्या माडीवर भिंतीला टेकवून ठेवलेला मी गेल्या दिवाळीत पाहिला. रंग अजून धरून आहे. तुमच्या छायाचित्रकाराला पाठवा, मी बरोबर येतो. दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापा.

आपला,
एक निवृत्त पेंटर
साखर पेठ, सोलापूर