मित्रास पत्र: अण्णांची पद्मिनी घरीच सजवायची तर

प्रिय मंग्या,

अण्णांनी गाडी तुझ्या नावावर करायला होकार दिला हे ऐकून इतका आनंद झाला की फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. 84 सालची पद्मिनी, एकाच घरात राहिलेली, कुणी कापाकापी न केलेली, अशी गाडी आता शोधून मिळत नाही रे. तू म्हणालास खाली बसवायची, रुंद टायर टाकायचे, मॅट काळा रंग मारायचा आणि सगळं घरच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने करायचं. हे शेवटचं मला फार आवडलं. बाकीच्या यादीवर मात्र बोलायचंय, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

माझं मुख्य म्हणणं एकच. या गाडीवर असंच काम कर जे उद्या काढून गाडी पुन्हा होती तशी करता येईल. बोल्टने लावलेलं बोल्टने निघतं, ग्राइंडरने कापलेला पत्रा गेला तो गेलाच. आणि ही गाडी तशी जपण्यासारखी आहे बाबा. फियाटची मूळची इटलीची 1100, आपल्याकडे 1964 पासून ‘डिलाइट’ म्हणून आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने आली, बनली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात. म्हणजे आपल्या मुंबईतली गाडी. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 ला टॅक्सी म्हणून तीही रस्त्यावरून गेली. आता जी काही चांगली गाडी उरलीय ती तुझ्यासारख्यांच्या घरातच उरलीय, म्हणून मी एवढा मागे लागतोय.

आता पहिलं काम, आणि यात रंगाचा विषयच नाही. या गाडीला वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार उचलते, म्हणून पत्रा कुठे सडलाय ते आधी बघ. आतली रबरी मॅट, त्याखालचं ज्यूट सगळं काढ, फ्लोअर उघडं कर. बॅटरीखालचा ट्रे, दाराखालचे सिल, डिक्कीतली स्टेपनीची जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बॉडीला जोडलेले टोक, या चार ठिकाणी पाणी साठतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकत जा, धडधाकट पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. एक लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरव, जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे समज. सडलेला भाग असेल तर नवा पत्रा कापून वेल्डिंग करावंच लागेल आणि ते तू घरी शिकायच्या भानगडीत पडू नकोस, चांगल्या टिंकरकडे (पत्राकाम करणाऱ्याकडे) दे, गॅरेजमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते कर म्हणावं, गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा येतात. फक्त एक अट घाल, पत्रा बदलायचा, वरून पुट्टी भरून झाकायचा नाही.

दुसरं ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि गाडी इतकी वर्षं उभी म्हणजे व्हील सिलिंडर आतून गंजून धरलेले असणार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जुनं सगळं काढून टाकायचं. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज पाइप एकदम नवीन. ब्रेकची लायनिंग (ड्रमला आतून घासणारा थर) जुनी असेल तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिची धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि मास्क लावायचा. ड्रमला खाच पडली असेल तर तू कोल्हापुरात आहेस हे तुझं भाग्य, उद्यमनगरात लेथवाले आहेत, ड्रम टर्न करणं, झिजलेला बुश पितळेत बनवणं ही त्यांची रोजची कामं. आम्हाला इकडे डोंबिवलीत यासाठी हिंडावं लागतं. आणि हो, ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतो, तेव्हा लगेच धुवायला बाजूला बादलीभर पाणी ठेव.

गाडीखाली जाताना घोडीच (जॅक स्टँड) लाव, दोन्ही बाजूला, काँक्रीटच्या सपाट जमिनीवर. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही म्हणजे नाही, वहिनींना सांगून ठेवतो मी.

मग इंजिन. 1089 सीसी, चार सिलिंडर, साधं सरळ इंजिन आहे, नवशिक्याला शिकायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही कारण बॉनेट उघडलं की हात सगळीकडे पोचतो. लगेच सेल्फ मारू नकोस. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, एक रात्र राहू दे, मग इंजिन हाताने फिरतंय का बघ. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक, ते वार्निशसारखं घट्ट होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदल, आणि बदलताना इथेनॉलला टिकणारे माग, कारण आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि मग गरम इंजिनवर गळती. प्लगला ठिणगी देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर नवीन घाल, प्लग वायरी बघ, डिस्ट्रिब्युटर कॅपला चीर आहे का बघ. इथपर्यंत आलास आणि ती सुरू झाली ना, की जो आवाज येतो त्याला तोड नाही.

वायरिंगला हात लावताना आधी बॅटरीची मायनस काढायची ही सवयच लाव. हेडलाइट मिणमिणता वाटेल, पण म्हणून लगेच चायनाचे एलईडी बल्ब घालू नकोस, जुन्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा उजेड विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा करंट थेट स्विचमधून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज पडतं. दोन रिले (छोट्या करंटवर चालणारे विजेचे स्विच) टाक, बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर ओढ, तोच बल्ब लख्ख पेटेल. नवशिक्याने करावं असं हे सगळ्यात समाधानाचं काम, खर्च थोडा आणि पाहिजे तेव्हा काढून टाकता येतं.

आता तुझी यादी. खाली बसवण्याबद्दल, पुढची कॉइल स्प्रिंग कापून गाडी खाली आणतात ते मुळीच करू नकोस. कापलेली स्प्रिंग आपल्या जागी नीट बसत नाही, चाकाची सेटिंग बिघडते, आणि कोल्हापूर-राधानगरी रस्त्याच्या खड्ड्यात पोट घासलं तर आधी सायलेन्सर जाईल. रुंद टायरचंही तेच. मूळ चाक 14 इंची, टायर अरुंद, स्टिअरिंगला पॉवर नाही. खूप रुंद टायर घातलेस तर गाडी वळवताना खांदे भरून येतील, टायर मडगार्डला घासेल, बेअरिंगवर ताण येईल. 155 मिमी रुंदीच्या आसपासचं 14 इंची रेडियल टायर शोध, मूळ रिम सँडब्लास्ट करून घे, क्रोमच्या व्हील कॅप चमकव, मग बघ कशी दिसते ती. माझ्या मते पद्मिनीचं रूप तिच्या बारीक चाकांत आणि मागच्या छोट्या शेपट्यांतच आहे.

मॅट काळ्याबद्दल एवढंच सांगतो की रंग हा घरच्या शेडमध्ये नीट जमणारा शेवटचा प्रकार आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट तुलनेने सोपा, चुकला तर घासून पुन्हा मारता येतो, पण कोल्हापूरच्या पावसात मारलास तर हवेतल्या ओलाव्याने तो पांढरट पडतो, तेव्हा दिवाळीनंतरच. पीयू (पॉलियुरेथेन) पेंटचा हार्डनर फुप्फुसाला घातक असतो, तो साध्या मास्कने घरी मारायचा नाही, पेंट बूथवाल्याकडेच दे. एनसी घरी मारणार असशील तर आधी एअर फिल्टरच्या डब्यावर हात बसव. 220 चा पॉलिश पेपर, मग 400, प्रायमर, मग 800 पाण्यातून, मग रंग. घाई केलीस की खालचं सगळं वर दिसतं. आणि रंग बदलणार असशील तर आरसीवर नोंद करावी लागते. इंजिन-बॉडीचा मूळ ढाचा बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतं, 2019 ला सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट सांगितलंय. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडीला 50 वर्षं झालेली लागतात, तुझ्या गाडीला ती 2034 ला होतील, तोवर आरसीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचंय हे डोक्यात ठेव.

मी तुझ्या जागी असतो तर सगळा जीव आतल्या भागात ओतला असता. पुढची सलग सीट, स्टिअरिंगजवळचा हँडगिअर, दारातली तिरकी छोटी काच, हे सगळं टिकव. हँडगिअर अडकत असेल तर लिंकेजचे बुश झिजलेत, त्यांचं काम कर, फ्लोअर गिअर बसवायला जमिनीला भोक पाडू नकोस. सीटचं कव्हर शिवताना जुनं कव्हर फाडू नकोस, शिवण उसवून तेच माप म्हणून कुशनवाल्याला दे. रेक्झिन गडद लाल घे, तुझी आवड मला माहितीय. आणि गाणी ऐकायचीत ना, तर डॅशबोर्ड न कापता छोटा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर डॅशच्या खाली लपव, स्पीकर मागच्या शेल्फवर लाकडी पट्टीला बसव.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून नाव लिहून ठेव आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घे, खूप फोटो घे. पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला माझं येणं-जाणं असतंच, टॅक्सीवाल्या गाड्या मोडल्यावर त्यांचं बरंच सामान तिथे आलंय. तू फक्त फ्लोअरचे आणि चारही ड्रमचे फोटो टाक, मग काय काय लागेल ते ठरवू, आणि टेल लॅम्पच्या काचा तडकल्यात म्हणत होतास त्यांच्या मागे काही नंबर छापलेला असेल तर तोही कळव. अण्णांना नमस्कार, गाडीची जुनी कागदपत्रं आणि मॅन्युअल त्यांच्याकडून आत्ताच मागून घे.

तुझा,
संज्या