बांधकामातल्या माणसांवरही लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशात जाऊन नाव काढलेल्यांवर तुमच्या पुरवणीत लेख येतात ते मी नेमाने वाचतो, पण त्यात सगळे सॉफ्टवेअरवाले नाहीतर डॉक्टर, कधीतरी बांधकामातला माणूस येऊ द्या ना! मी याच लाईनमधला, म्हणून राफाएल ग्वास्ताविनो यांच्याबद्दल कळकळीने लिहितोय.

माणूस स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा, जन्म १८४२ चा. १८८१ मध्ये धाकट्या मुलाला घेऊन न्यूयॉर्कला उतरला तेव्हा चाळिशी आलेली आणि इंग्रजी येत नव्हतं. बार्सिलोनात कारखाने बांधून नाव कमावलेलं, पण इथे कोण ओळखणार? सोबत होती ती तिकडची कमानी-घुमट बांधायची जुनी पद्धत. इंचभर जाडीच्या भाजलेल्या मातीच्या टाईल्स घ्यायच्या, पहिला थर झटपट धरणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये लावायचा आणि वरचे थर सांधे चुकवून सिमेंटमध्ये, त्यामुळे खाली भरगच्च सेंट्रिंग, म्हणजे तात्पुरता आधाराचा सांगाडा, ठोकावं लागत नाही. ज्याने सेंट्रिंगचं बिल भरलंय त्यालाच यातली बचत कळेल! शिवाय आगीत टिकणारं काम, आणि १८७१ ला शिकागो जळाल्यापासून अमेरिकेत सगळ्यांना तेच हवं होतं.

पुढे बोस्टनच्या पब्लिक लायब्ररीचं काम मिळालं आणि १८८९ मध्ये स्वतःची कंपनी निघाली. मला सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी नुसती पेटंटं घेतली नाहीत, डिझाईन, माल, गवंडी सगळं आपल्याच कंपनीचं, म्हणजे काम बिघडलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोयच नाही. १९०८ ला ते गेले, मुलाने धंदा वाढवला. एलिस आयलंडवर, जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची, त्या मोठ्या हॉलचं छत १९१६ च्या स्फोटात खराब झालं ते याच कंपनीने १९१८ मध्ये नवीन करून दिलं आणि १९८० च्या दशकात दुरुस्ती निघाली तेव्हा हजारो टाईल्सपैकी फक्त १७ बदलाव्या लागल्या!

एवढं करूनही इमारतींच्या माहितीत बहुतेक वेळा आर्किटेक्टचंच नाव पुढे असतं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? जुने पूल, मार्केट, शाळा कोणी बांधल्या ते शोधून छापा, बाहेरगावाहून येऊन इथे कंत्राटदार झालेले कितीतरी जण त्यात सापडतील.

आपला,
एक वाचक, सांगली