कुंडीखालचं पाणी मोजायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तापीकाठी कुंड्यांतल्या पालेभाज्यांना बोअरचं पाणी घालायचा विषय निघाला की ‘पानी खारं शे’ म्हणून तिथेच संपतो. खारं म्हणजे किती, हे तुम्ही विचारलंत आणि ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगणारं यंत्र) हाती दिलंत. आकडा, म्हणजे ईसी, आला २.४ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. म्हणजे लिटरमागे साधारण दीड ग्रॅम क्षार.

खरं काम केलं ते तुमच्या दुसऱ्या वाक्यानं: “वरून घालता ते नव्हे, खालून निथळतं ते मोजा.” झाड पाणी पितं, क्षार बहुतेक मागेच ठेवतं. घातलेल्या पाण्यातलं पावभर निथळलं तर निथळ हळूहळू चौपट खारट होते, ९.६ पर्यंत, निम्मं निथळू दिलं तर दुप्पट, ४.८. पाणी वाचवायचं म्हणून चमचा चमचा घालणाऱ्यांचीच पालक आधी का करपते, ते या हिशोबात कळलं. (खालची ताटली रोज रिकामी करायची. नाहीतर कुंडीतलं मिश्रण तेच पाणी परत ओढून घेतं.)

कोकोपीटचंही (नारळाच्या काथ्याचा भुसा) तसंच, निथळ मोजायची. त्याला चिकटलेलं सोडियम नुसत्या धुण्यानं सुटत नाही. पाच किलोची वीट फुलवायची, १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात २४ तास ठेवायची, मग निथळीचा ईसी बोअरच्या ईसीजवळ येईपर्यंत धुवायची. त्याखाली तो जाणारच नाही, उगाच पाणी ओतू नये. जाड वाळू चटकन धुतली जाते, पण मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी पडते आणि उरलेल्या ओलाव्यात क्षार दाटतात. दोन भाग कोकोपीट, एक भाग वाळू हे बरं जमतं. गांडूळखत मूठभरच, त्यात स्वतःचे क्षार असतात. काळी माती कुंडीत नकोच. सोडियमनं ती चिकट होऊन निचरा बंद पडतो.

आपली पालक बीटच्या कुळातली, म्हणून सोसते. पोकळा, घोळ, चाकवतही तग धरतात. कोथिंबिरीचा हट्ट मात्र सोडलेला बरा. बी कुठलंही असो, दोन खरी पानं फुटेपर्यंत साठवलेलं पावसाचं पाणी द्यायचं. नंतर बोअरचं, तेही बुडाशी. पानांवर झारी धरली की कडा जळतात.

मीटर सोबत परत पाठवत आहोत. मीटर जुळवून घ्यायचं १४१३ मायक्रोसीमेन्सचं कॅलिब्रेशन द्रावण संपलं होतं, नवी बाटली डब्यातच ठेवली आहे.

तुमचा आभारी,
परसबाग गट