लॅबमधल्या ताई, तुमचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या सुमारास तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तुम्ही एका चार वर्षांच्या पोराचं रक्त काढलं होतं. पांढराफटक पडलेला तो मुलगा माझा.

प्लेटलेट कमी आल्या आणि बाकावरच्या सगळ्यांनी डेंग्यू ठरवूनही टाकला. पावसाळ्यात आपल्याकडे दुसरं काही सुचतच नाही. सासूबाईंनी तर पपईच्या पानांसाठी माणूस धाडला! तुम्ही मात्र मलेरियासाठी केलेली स्लाइड बराच वेळ पाहत राहिलात आणि बाहेर येऊन दोनच गोष्टी विचारल्या. मागच्या आठवड्यात याला रक्ती आव झाली होती का? आज लघवी केव्हा झाली?

आव झाली होती, थांबलीही होती. लघवी सकाळपासून नव्हती.

तुम्ही लगेच डॉक्टरांना बोलावलंत. स्लाइडवर लाल पेशी तुटलेल्या दिसत होत्या. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं आणि आजाराचं नाव कळलं, हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. शिगेलाच्या एका जातीचे जंतू आतड्यात विष सोडतात, ई. कोलायच्या काही जातीही तेच करतात. हे विष रक्तात उतरून बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतं, त्यातही किडनीतल्या. तिथे गुठळ्या धरतात, त्यांत प्लेटलेट खर्ची पडतात आणि त्या अरुंद वाटेनं जाताना लाल पेशी फाटतात. जुलाब ओसरले म्हणून घरचे निश्चिंत होतात, नेमकं तेव्हाच, साधारण आठवडाभरानं, हे सुरू होतं.

प्लेटलेटची पिशवी लावा म्हणून आमचे लोक तिथेही मागे लागले होते. मोठा रक्तस्राव नसेल तर या आजारात ती शक्यतो टाळतात, हे तेव्हा समजलं. आणि डेंग्यू समजून सलाइनवर सलाइन लावलं असतं, तर लघवी बंद असलेल्या पोराच्या अंगात पाणीच साचलं असतं. त्याला रक्त चढवलं, पोटात नळी टाकून डायलिसिस केलं. हळूहळू लघवी सुरू झाली. आता दिवसभर बकरीच्या मागे धावतो. बीपी, लघवी, किडनीची तपासणी मात्र काही वर्षं करत राहायची आहे.

डॉक्टरांचे आभार तोंडावर मानता आले. तुम्ही खिडकीआड, रिपोर्ट हाती पडला की माणूस पाठ फिरवतो. मशीननं दिलेला आकडा लिहून तुम्हालाही मोकळं होता आलं असतं.

पुढच्या तपासणीचं रक्त तुमच्याकडेच द्यायला येते. घरची तुरीची डाळ आणते आहे, नाही म्हणू नका.

तुमची,
त्याची आई