हिप्पोकॅम्पसचा कोन साधणाऱ्या ताईंना

एमआरआय तंत्रज्ञ ताईंस,
सप्रेम नमस्कार.

फिट येणाऱ्या मांजरांचे अहवाल आमच्या सहीने बाहेर पडतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेला, स्मरणाशी जोडलेला भाग. पण ‘उजवा हिप्पोकॅम्पस डाव्यापेक्षा लहान’ एवढं वाक्य ठामपणे लिहिता येतं ते तुम्ही स्कॅनआधी डोकं सरळ करण्यात घालवलेल्या वेळामुळे. म्हणून हे जाहीर आभार.

मांजराचा अख्खा मेंदू साधारण ३० ग्रॅमचा. त्यात हिप्पोकॅम्पस थॅलॅमसच्या (मेंदूच्या मधोमध असलेल्या गाभ्याच्या) मागून वळसा घेत खाली पिरिफॉर्म लोबपाशी (मेंदूच्या तळाकडच्या भागापाशी) उतरतो. नेहमीच्या कोनात आडवे स्लाइस (चित्रातले काप) घेतले तर तो तिरका कापला जातो आणि मग कडा कुठे संपते यावर दोन वाचणाऱ्यांचं एकमत होत नाही. तुम्ही आधी मध्यरेषेच्या बाजूच्या सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या उभ्या कापाच्या) चित्रावर त्याचा लांब अक्ष शोधता, डॉर्सल (पाठीला समांतर घेतले जाणारे) स्लाइस त्या अक्षाला समांतर लावता आणि आडवे स्लाइस त्याला काटकोनात. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अपस्मार कृती गटाने २०१५ साली हीच पद्धत सुचवली. कागदावर ती एका ओळीत मावते, पण यंत्रावर प्रत्येक मांजरासाठी ती नव्याने साधावी लागते.

डोक्याच्या कलण्याबद्दल तर तुमचे विशेष आभार. डोकं एका बाजूला थोडं जरी वळलं, तर एकाच स्लाइसमध्ये डावीकडचा जाड भाग आणि उजवीकडचा निमुळता भाग येतो. दिसणारा फरक मग मांडणीचा असतो, मांजराचा नव्हे. दोन्ही डोळे आणि दोन्ही आतले कान एकाच स्लाइसमध्ये सारखे दिसेपर्यंत तुम्ही फोमच्या उशा हलवत राहता. शिवाय उजव्या गालाजवळ माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवता. माणसांच्या यंत्रात पालथ्या मांजराची स्थिती चुकून ‘उताणी’ नोंदली गेली की पडद्यावरची डावी-उजवी खूण उलटते. ती चूक पकडून देते ती कॅप्सूलच.

हा आग्रह उगाच नाही. टोकियोतल्या निप्पॉन पशुवैद्यक व जीवविज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली आनुवंशिक अपस्मार असलेल्या मांजरांच्या वंशाची नोंद केली. या मांजरांच्या फिट मेंदूच्या लिंबिक भागातून (हिप्पोकॅम्पस ज्यात येतो त्या, भावना व स्मरणाशी जोडलेल्या भागातून) सुरू होतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचं आकारमान मोजलं तेव्हा महत्त्वाचा ठरला तो दोन बाजूंमधला फरक. असा फरक नुसत्या नजरेने सहज निसटतो. प्रत्येक स्लाइसवर कडा आखायची, क्षेत्रफळांची बेरीज करायची, तिला स्लाइसमधल्या अंतराने गुणायचं, तेव्हा कुठे तो हाती लागतो. ३ मिमी जाडीच्या स्लाइसमध्ये एकाच ठिपक्यात हिप्पोकॅम्पस आणि शेजारच्या व्हेंट्रिकलमधलं (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीतलं) पाणी मिसळतं. म्हणून वेळ जास्त लागला तरी तुम्ही बारीक स्लाइसची त्रिमितीय टी-१ (रचना स्पष्ट दाखवणाऱ्या एमआरआय प्रकारची) मालिका घेता. त्यातल्या काही चित्रांची डावी-उजवी बाजू मुद्दाम उलटवून, मांजराची माहिती लपवून तुम्ही ती आमच्याकडे पाठवता, त्यामुळे मोजणाऱ्याच्या मनातला कल आकड्यांत उतरत नाही.

नाव नोंदवताना तुम्ही विचारता, ‘शेवटची फिट कधी आली?’ या प्रश्नाचं मोल आम्हाला फार आहे. लागोपाठ फिट आल्यानंतर हिप्पोकॅम्पस सुजतो आणि टी-२ व फ्लेअर या, सूज टिपणाऱ्या एमआरआय चित्रांवर उजळ दिसतो. लिंबिक एन्सेफलायटिसमध्येही (त्याच भागाच्या दाहातही) जवळपास असंच चित्र दिसतं, आणि सुजेच्या भरात मोजलेलं आकारमान तर फसवंच. फिट आटोक्यात ठेवून सुमारे १६ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला, तर तात्पुरता बदल ओसरलेला दिसतो आणि खरी झीज असेल तर ती उरते.

भूल देणाऱ्या सहकाऱ्यांचेही आभार मानायलाच हवेत. लांबलेल्या स्कॅनमध्ये मांजराचं अंग गार पडू नये म्हणून ते उबदार पांघरूण घालतात आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मिमी पाऱ्यात राखतात. तो चढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्तप्रवाहाच्या चित्रांवर विसंबता येत नाही.

एक विनंती आहे. कोन ठरवतानाची लोकलायझर (सुरुवातीची दिशादर्शक) चित्रं पुसू नका, मूळ मालिकेसोबतच ठेवा. १६ आठवड्यांनी तेच मांजर परत येईल तेव्हा तोच कोन लावायला ती लागतील.

आपले कृतज्ञ,
मांजरांच्या अपस्मारावर काम करणारे पशुवैद्य