राजीनामा दिला आहे, आधी शेवटपर्यंत वाचा

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं असं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा बाबांच्या गोळ्या आणि आईचा गुडघा यावर बोलून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. बाबा, पूर्ण वाचा आणि मगच दादाला फोन लावा.

गेल्या सोमवारी मी राजीनामा दिला. सेफ्टी मॅनेजरचं पद सोडलं. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून इंडस्ट्रियल हायजीनचं, म्हणजे कामाच्या जागेची धूळ, आवाज, रसायनं मोजून कामगारांचे आजार टाळण्याचं काम करणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत रुजू होते आहे. हुद्दा नुसता ‘हायजिनिस्ट’. पहिली दोन वर्षं माझा प्रत्येक अहवाल कुणीतरी अनुभवी माणूस तपासून सही करेल.

आई, “म्हणजे खालच्या पदावर गेलीस” हे तुझं वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय. तसं नाही गं. जरा नीट सांगते.

सेफ्टीच्या कामात माणसं चहूकडून येतात. कुणी इंजिनिअरिंग करून, कुणी अग्निशमनातून, कुणी नर्सिंगमधून, कुणी वीस वर्षं फिटर म्हणून काढून. पहिली चार-पाच वर्षं मात्र सगळ्यांची सारखीच जातात, आणि ती तशीच जायला हवीत. सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी धोक्यांवर थोडक्यात बोलणं, मग परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, मग दिवसभर पायपीट. टाकीत माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा मोजायची: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्याहून कमी वायू हवेत असेल तर तो पेटत नाही, त्या प्रमाणाच्या) १० टक्क्यांच्या आत. तेही तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी, कारण मिथेन वर जातो आणि हायड्रोजन सल्फाइड तळाशी साचतो. नुसतं तोंडाशी मोजून परमिटवर सही केली की घात होतो. आतला कोसळला की बाहेरचा जीव तोडून त्याच्या मदतीला उतरतो आणि तोही तिथेच पडतो. म्हणून बाहेर उभ्या असलेल्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायची: आत उतरायचं नाही, दोर ओढायचा आणि हाक मारायची. हे सगळं शॉप फ्लोअरवरच अंगात मुरतं. पुस्तकातून येत नाही.

त्यानंतर वाटा फुटतात. तुम्हाला माहीत असलेली एक म्हणजे ऑफिसर, मॅनेजर, विभागप्रमुख. दुसरी प्रोसेस सेफ्टीची. तिथे माणसाच्या डोक्यावरच्या हेल्मेटपेक्षा पाइपातल्या दाबाची आणि तापमानाची काळजी वाहायची असते. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री टाकीचं शीतकरण बंद होतं, विषारी वायू धुऊन काढणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. एकावर एक ठेवलेले अडसर एकाच वेळी निकामी कसे होतात, हे आधी बसून शोधणं हेच त्या लोकांचं काम. त्यासाठी केमिकल इंजिनिअरिंग पक्कं लागतं, माझं तेवढं नाही. तिसरी वाट ऑडिटची. मार्च २०१८ मध्ये आयएसओ ४५००१ हे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आल्यापासून तिला मागणी खूप आहे. पण पाच दिवसांचा लीड ऑडिटर कोर्स करून दोन वर्षांच्या अनुभवावर ऑडिटला निघालेली मुलं फायली चोख तपासतात आणि मशिनच्या मागे डोकावत नाहीत. मला ते कधीच पटलं नाही. प्रशिक्षण, सरकारी निरीक्षक, स्वतंत्र सल्लागार याही वाटा आहेत. आणि एक हायजीनची. ती फार थोडे धरतात, कारण तिच्यात रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि गणित तिन्ही लागतं आणि खुर्ची लवकर मिळत नाही.

बाबा, तुम्ही विचाराल की खुर्ची मिळालेली असताना का सोडली.

मॅनेजरच्या कामाचा हिशोब एका आकड्यावर होतो. ज्या अपघातांमुळे कामाचा दिवस बुडाला त्यांची संख्या घ्यायची, १० लाखांनी गुणायची आणि सगळ्यांनी मिळून भरलेल्या तासांनी भागायची. आकडा उतरता दिसला की सगळे खूश. तो कामाचा आहेच, त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच्यावर बक्षीस लावलं की बोट चेचलेला माणूस दुसऱ्या दिवशी हजेरीला आणून नुसता बसवून ठेवतात, म्हणजे ‘दिवस बुडाला’ असं लिहावं लागत नाही. आणि आकडा अगदी प्रामाणिक असला तरी त्यात मावतो तो फक्त अपघात. सिलिकाची, म्हणजे वाळू-दगडातली बारीक धूळ फुप्फुसात बसते तेव्हा कुणी ओरडत नाही. त्रास दहा-वीस वर्षांनी सुरू होतो, तोवर माणूस दुसरीकडे गेलेला असतो किंवा घरी बसलेला असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दर वर्षी कामामुळे सुमारे २९ लाख ३० हजार माणसं दगावतात. त्यातले अपघाताने गेलेले साधारण ३ लाख ३० हजार. उरलेले सुमारे २६ लाख आजाराने. माझा जवळजवळ सगळा दिवस त्या ३ लाखांसाठीच्या बैठकांमध्ये जात होता.

तुमच्या कारखान्याच्या गेटवरचा तो हिरवा फलक, ‘अपघाताविना इतके दिवस’. त्यावरचा शेवटचा आकडा तुम्हाला अजून तोंडपाठ आहे, आणि तो अभिमानाचाच आहे, त्यातला एकही दिवस खोटा नव्हता. फक्त तुमचा डावा कान त्यात कुठे धरलाच गेला नाही. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्ही कापूस घालत होतात, कारण दुसरं काही कुणी दिलंच नव्हतं, आणि कापसाने आवाज अडत नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. आवाजाचं गणित फसवं असतं. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला जेमतेम अर्धा तास. तुमच्या प्रेसजवळ किती होतं ते मला सांगता येणार नाही. कुणी मोजलंच नाही. मला जे काम करायचंय ते एवढंच आहे, मोजायचं.

त्यात काय असतं ते सांगते, म्हणजे आईला “दिवसभर करतेस तरी काय” हा प्रश्न पडणार नाही. धुळीचं घ्या. कामगाराच्या पट्ट्याला मुठीएवढा पंप लावायचा. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर आणून कॉलरला सॅम्पलर अडकवायचा, नाकातोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत, कारण मोजायची ती त्याच्या श्वासात जाणारी हवा. सॅम्पलरमध्ये बोटाएवढा सायक्लोन असतो. तो हवेला गरगर फिरवतो, जाड धूळ खालच्या टोपणात पाडतो आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी बारीक धूळ तेवढी वरच्या फिल्टरवर जाऊ देतो. ही विभागणी हवेच्या वेगावर ठरते. काही सायक्लोनना मिनिटाला २.२ लिटर लागतं, काहींना १.७. म्हणून पंप सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा तपासायचा, आणि दोन आकड्यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर दिवसभराची मेहनत फेकून द्यायची. खाली वाकताना नळी दुमडते. कुणी जेवायच्या सुट्टीत पंप खुंटीला टांगून जातो. सगळ्यात वाईट म्हणजे उतरवताना सायक्लोन उलटा होतो, टोपणातली जाड धूळ फिल्टरवर सांडते, आणि प्रयोगशाळेला कारखाना आहे त्याहून कितीतरी वाईट दिसतो. म्हणून मी सॅम्पलर स्वतःच्या हाताने उतरवते, सरळ धरून, भरलेल्या समईसारखा. सिलिकाची अमेरिकेतली २०१६ पासूनची मर्यादा दर घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे. बारीक मिठाचा एक कण साधारण तेवढ्या वजनाचा असतो. एवढ्याशासाठी ही सगळी उस्तवार.

आणि मोजून अहवाल देऊन मोकळं व्हायचं नसतं. पाण्याचा फवारा लावता येईल का, धूळ निघते तिथेच ओढून घेणारं हूड बसेल का, हे आधी बघायचं. मास्क आणि कानातले प्लग सगळ्यात शेवटी. आवाज ३० डेसिबलने कमी करणारा प्लग घातला आणि पाळीतला निम्मा वेळ काढून ठेवला तर दिवसाचं संरक्षण सुमारे ३ डेसिबलच उरतं. हे मी जेव्हा जेव्हा शिकवते तेव्हा समोरचे एकमेकांकडे बघतात.

आई, तुला आवडेल म्हणून एक सांगते. अॅलिस हॅमिल्टन नावाची एक डॉक्टर होती. शंभर वर्षांपूर्वी कारखान्यांतून फिरून शिशाची विषबाधा कुणाला, कुठल्या कामात होते ते ती शोधत असे. १९१९ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेने शिकवायला नेमलेली ती पहिली स्त्री. तीही तेव्हा कुणाच्या दृष्टीने मोठ्या पदावर नव्हती.

शिक्षणाचं म्हणाल तर नेबॉश या ब्रिटिश परीक्षा मंडळाचा सेफ्टीचा डिप्लोमा माझ्याकडे आहेच, तो वाया जात नाही. आता हायजीनचे पाच-पाच दिवसांचे सहा विषय आहेत: घातक पदार्थांचं मोजमाप, आवाज, उष्णता वगैरे. मग कामाची वही आणि तोंडी परीक्षा. दोन विषय सुट्टी टाकून आधीच पास झालेय. तुम्हाला सांगितलं नव्हतं, त्यासाठी माफ करा. पगार सुरुवातीला थोडा कमी आहे. पण तुमच्या खात्यात दर महिन्याला येणारी रक्कम तीच राहील, ती मी आधी बाजूला काढून मग बाकीचा हिशोब केलाय. रात्री दोनला वाजणारा फोन मात्र आता बंद. झोप पुरी होते. आठवड्यातून तीन दिवस साइटवर असेन, पंपाची पेटी चाकांची आहे, कंबरेवर भार नाही. डबा वेळेवर खाते. मास्क मी स्वतः नीट बसवून, कडेने हवा येत नाही ना हे तपासून घालते. काळजी करू नका.

बाबा, लहानपणी दादा आणि मी तुमच्या उजव्या हाताला कोण बसणार यावरून भांडायचो. तुम्ही म्हणायचात, आळीपाळीने बसा. का ते तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. आता या कामात आल्यावर कानाच्या तपासणीचे तक्ते बघते. आवाजाने गेलेला कान ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली उतरतो. स, श, फ ही अक्षरं त्याच वरच्या पट्टीतली. म्हणून तुम्हाला आवाज येतो, शब्द कळत नाही. ‘सात’, ‘हात’, ‘आत’ सगळं एकच. आई, ते तुझ्याकडे दुर्लक्ष करत नाहीत गं. मोठ्याने ओरडू नकोस, त्याने फक्त आवाज वाढतो, अक्षरं स्पष्ट होत नाहीत. टीव्ही बंद कर, समोर ये, तोंडावर उजेड असू दे, आणि जरा सावकाश बोल. मलाही फोनवर हे जमत नव्हतं, आता जमवते.

आता ऐका, आणि या वेळी “बघू” म्हणायचं नाही. पुढच्या आठवड्यात कानाची तपासणी. आधी डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घ्या, नाहीतर तक्ता चुकतो. आदल्या संध्याकाळपासून मिक्सरजवळ उभं राहू नका. दोन्ही कानांचा तक्ता मागून घ्या आणि त्याचा फोटो मला पाठवा. यंत्र लावायला सांगितलं तर नको म्हणू नका. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तासच घाला, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना. भांड्यांचा आवाज सुरुवातीला टोचेल. कान आणि डोकं दोघांना सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नका. बॅटरी बटणासारखी असेल तर तिचा स्टिकर काढल्यावर एक मिनिट तशीच बाहेर ठेवा आणि मग बसवा. तिला हवा लागते, लगेच बंद केली तर लवकर संपते. आंघोळीला जाताना यंत्र काढायचं.

आई, माळ्यावरचे डबे खाली आणून घे, दादा येईल तेव्हा, तू नाही. रोज लागणारं सामान कंबरेच्या उंचीवर ठेव, म्हणजे स्टूलवर चढायची वेळच येणार नाही. न्हाणीघरात धरायला दांडा भिंतीत स्क्रूने बसवून घ्या, रबरी चोषकाने चिकटणारा नको, तो भार आला की सुटतो. फरशी धुताना ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नकोस. त्यातून क्लोरीन निघतो आणि बंद न्हाणीघरात श्वास कोंडतो. आज एक, उद्या दुसरं, आणि मध्ये भरपूर पाणी.

चिडला असाल तर दोन दिवस चिडा. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. बाबा, तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा, मी सावकाश बोलेन.

तुमची
मनू

ता. क. रक्तदाबाची सकाळची गोळी चुकली तर संध्याकाळी दोन घ्यायच्या नाहीत. आई, हे त्यांना समोर बसून सांग.